कॅटफिश ओळखताना रंगाआधी काटे पाहा : प्रश्नोत्तरे

प्रश्न : टाकीसाठी 'बंबलबी' म्हणून घेतलेला पट्ट्यापट्ट्यांचा कॅटफिश (मिशावाला मासा) जाळीत असा अडकला, की जाळी कापावी लागली. हा नेमका कोण?

उत्तर : जाळी कापायला लावणारा बंबलबी नव्हे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत अंगाच्या मध्यावर, डोक्यापासून शेपटीपर्यंत, मागे वळलेल्या काट्यांची एकच ओळ स्पष्ट दिसते. ही डोराडिडी कुळाची खूण. तुमचा मासा पट्टेवाला रॅफेल, म्हणजे प्लॅटिडोरस, दक्षिण अमेरिकेतला. बंबलबी नावाने इथे मिळतो तो बहुधा आग्नेय आशियातला, आणि त्याच्या अंगावर अशी काटेरी ओळ नसते. पट्टे दोघांनाही, म्हणून हा घोळ.

पुढच्या वेळी त्याला प्लॅस्टिकच्या बरणीत वळवून घ्या. हातात तर धरूच नका. छातीच्या परांचे काटे तो ताठ करून अडकवतो. काटा आणि अंग यांच्यात बोट सापडलं, तर रक्त येईल. तेव्हा कुरकुर ऐकू येते, ती बरीचशी त्याच काट्यांच्या सांध्यातून. वाढतो २० सेंमीच्या आसपास. निऑन टेट्रासारखे चिमुकले मासे सोबत ठेवू नका, रात्रीत गायब होतील.

प्रश्न : बोटाएवढा सकर (तोंडाने काचेला चिकटणारा कॅटफिश) आणलाय. दुकानदार म्हणतो, लहानच राहतो. खरं का?

उत्तर : पाठीवरचा पर पूर्ण उभारलेला असताना पुढचा जाड काटा सोडून मागचे किरण, म्हणजे परातल्या बारीक काड्या, मोजा. सात भरले तर ॲन्सिस्ट्रस नावाचा सकर असू शकतो, तो खरंच लहान राहतो. पण हायपोस्टोमस या दुसऱ्या सकरचेही सातच असतात आणि त्यातले काही चांगले मोठे होतात. दहा किंवा जास्त भरले, तर टेरिगोप्लिक्थिस. तुमच्या फोटोत मला बारा दिसतात. हा ४० सेंमीपर्यंत जातो, दोन फुटी टाकीत त्याचे हाल होतील. दुकानात परत द्या, पण कृपा करून नदीत किंवा तलावात सोडू नका. भारतातल्या कितीतरी पाणवठ्यांत तो असाच पसरलाय आणि मच्छीमारांची जाळी फाडतोय.

प्रश्न : 'एल-४६' हे नाव आहे का?

उत्तर : क्रमांक आहे. शास्त्रीय नाव नसलेले प्लेको, म्हणजे सकर मासे, बाजारात येऊ लागले, तेव्हा १९८८ पासून एका जर्मन मासिकाने हे क्रमांक द्यायला सुरुवात केली. एल-४६ म्हणजे झेब्रा प्लेको. १९९१ मध्ये त्याला हायपॅन्सिस्ट्रस झेब्रा हे नाव मिळालं. तो फक्त ब्राझीलच्या शिंगू नदीत सापडतो, आणि बेलो मोंचे धरणाने तिथलं पाणीच बदललंय. ब्राझीलने त्याच्या निर्यातीवर बंदी घातली आहे. टाकीत पैदास झालेला आहे याची खात्री असेल, तरच घ्या.

प्रश्न : माझा मासा दिवसभर हलतच नाही. फोटो पाठवला आहे.

उत्तर : बॅन्जो कॅटफिश. चपटं डोकं, बारीक शेपूट. दिवसा पडून राहणं हा त्याचा स्वभावच. दिवे घालवल्यावर बुडणारं खाद्य टाका, आणि ती टोकदार खडी काढून बारीक वाळू घाला.