ओढ्याचं पाणी आणि झिओलाइटची गोणी

मिरज भागातनं विचारलंय की ओढ्याला वरनं प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा देणाऱ्या कारखान्याचं पाणी येतंय, कधी कधी पिवळं दिसतंय, त्यावर पालक-मेथी आहे आणि दुकानदार म्हणतोय एकरी ५० किलो झिओलाइट (बारीक छिद्रांचं एक खनिज) टाका, सगळे जड धातू ओढून घेतंय, तर टाकू का?

नका टाकू. एकरातली वरची सहा इंच माती साधारण ८ लाख किलो भरते, त्यात ५० किलोनं काय होणार? आपली काळी माती मुळातच बेंटोनाइट नावाच्या चिकणमातीच्या जातीची, धातू धरणारी, मग पैसे मोजून परत तेच आणायचं होय? झिओलाइट खोटं नाही बरं का, शिसं, कॅडमियम, तांबं ते धरतं, पण टाकीत पाण्याला पुरेसा वेळ मिळाला तर, आणि पाणी आम्ल किंवा फार खारं नसलं तर. पिवळ्या पाण्यात मात्र हेक्झाव्हॅलंट क्रोमियमचा, म्हणजे क्रोमियमच्या जास्त विषारी रूपाचा संशय घ्यायचा, त्याचा विद्युतभार शिसं-कॅडमियमच्या उलटा, साधं झिओलाइट त्याला धरतच नाही. त्याला आम्ल पाण्यात हिराकस (फेरस सल्फेट) देऊन मग चुन्यानं खाली बसवतात, ते काम कारखान्याच्या ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेत. हे वाचून कुणी विहिरीत हिराकस ओतू नका!

एका गोणीनं गुण नाही आला तर दोन टाका, असं सांगणारे पण दुकानदार आहेत. ऐकू नका. पावडर ठिबकमधनं तर अजिबात नको, ड्रिपर चोंदतात. तुरटीनं पाणी नितळ झालं म्हणून विरघळलेला धातू गेला असं नसतं. कुणी टाकीत झिओलाइट वापरलंच असेल तर ते वापरलेलं उकिरड्यात टाकू नका, धातू परत रानातच येणार.

मृद आरोग्य पत्रिकेत १२ तपासण्या असतात, त्यात शिसं, कॅडमियम, क्रोमियम नाही, तेव्हा जड धातूंसाठी पाणी आणि माती वेगळी तपासायला सांगा. सिंचनाच्या पाण्यात लिटरला कॅडमियम ०.०१ आणि क्रोमियम ०.१ मिलीग्रॅमच्या वर नको. रिपोर्ट येईपर्यंत त्या पाण्यावर पालेभाजी बंद, पालक कॅडमियम पानात साठवतो आणि पान दिसायला हिरवंगारच राहतं.

माझं म्हणाल तर त्या तुकड्याला चांगलं कुजलेलं शेणखत द्या, ताग गाडा. सेंद्रिय पदार्थानं मातीतलं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कमी विषारी रूपात येतं, गोणीतल्या पावडरनं नाही येत. पण आधी पाणी बदला. आणि पिवळं पाणी दिसलं की तारीख-वेळ टाकून फोटो काढा, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सांगलीच्या ऑफिसात लेखी तक्रार द्या, पोच घेतल्याशिवाय उठू नका.