बेल्जियन ब्लॉन्ड एलला केळं-लवंगेचा वास येतो म्हणजे ती बिघडलेली असते का? चांगली कशी ओळखायची?

तुम्ही लिहिलंय की बंगळूरला मित्राकडे परदेशातून आलेली बेल्जियन ब्लॉन्ड एल (एल म्हणजे उबेत आंबवलेली बिअर) प्यायलात. नाकाला थोडं केळं, थोडी लवंग लागली. वास गोड, पण चव तितकी गोड नाही. आणि घोट गिळल्यावर ओल्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी तोंडात राहिलं. मित्र म्हणाला बिघडलीय, तुम्ही म्हणालात अशीच असेल. दोघंही अर्धे बरोबर आहात. लवंग त्या बिअरची स्वतःची आहे. पुठ्ठा वाटेत चढलाय.

माझा अधिकार किती, तेही सांगतो. पुण्यात एका टॅपरूममध्ये, म्हणजे बिअर बनवून तिथेच विकणाऱ्या ठिकाणी, चार वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची दोन वर्षं रोज सकाळी टाक्यांतली बिअर चाखून वहीत लिहायचं काम माझ्याकडे होतं. आता निपाणीला घरच्या गुळाच्या अडतीत बसतो. नाक तेच आहे, माल बदलला.

आधी ही बिअर काय आहे ते बघू, कारण 'ब्लॉन्ड' शब्दावरून आपल्याकडे बराच घोळ होतो. बिरा ९१ची ब्लॉन्ड मिळायची ती लागर, म्हणजे गारव्यात आंबवलेली बिअर, तिचा इथे संबंध नाही. अमेरिकन ब्लॉन्ड एल ही आणखी वेगळी, हलकी. पबमध्ये 'बेल्जियन' म्हणून जे गढूळ, धणे आणि संत्र्याची साल घातलेलं मिळतं ते विटबिअर. बेल्जियन ब्लॉन्ड म्हणजे सोनेरी, नितळ, वर दाट पांढरा फेस, अल्कोहोल ६ ते ७.५ टक्के, कडूपणा बेताचा, आकड्यात सांगायचं तर १५ ते ३० आयबीयू (कडूपणा मोजायचं माप). लेफ ब्लॉन्ड (६.६ टक्के), अफ्लिगेम, ग्रिमबर्गन ही त्यातली नेहमीची नावं. लेफचा मठ ११५२ सालचा, दिनाँ गावाशेजारी म्यूज नदीकाठचा. बिअर मात्र आज लूव्हनच्या मोठ्या कारखान्यात बनते. बाटलीवर मठाचं चित्र बघून साधूबुवा ढवळत बसलेत असं समजू नका. मठाच्या आवारात, साधूंच्या देखरेखीखाली होणाऱ्या बिअरला ट्रॅपिस्ट म्हणतात, तो वेगळा मान आहे. हा प्रकार तसा फार जुनाही नाही. लागर पिणाऱ्यांना बेल्जियन चवीकडे ओढायला काढलेला, म्हणून त्यात सगळं हळू आवाजात असतं.

हळू आवाज हाच पारखताना खरा त्रास.

लवंगेचं म्हणाल तर बिअरमध्ये लवंग कुणी टाकत नाही. माल्टमधल्या (मोड आणून वाळवलेल्या धान्यातल्या) एका आम्लापासून बेल्जियन यीस्ट ४-व्हिनाइल ग्वायकॉल नावाचं द्रव्य करतं, त्याचा वास लवंग-मिऱ्यासारखा. केळ्याचं द्रव्य तर पिकल्या केळ्यात असतं तेच, आयसोअमाइल अ‍ॅसिटेट. दोन्ही यीस्टची कमाई. पण ब्लॉन्डमध्ये मला आधी संत्र्याची किंवा लिंबाची साल लागायला हवी, मग जरा मध, मागून पुसट लवंग. ग्लास तोंडाजवळ नेण्याआधीच केळ्याचा घड अंगावर आला तर एक तर आंबवताना टाकी जास्त तापली, नाहीतर तुमच्या हातात दुसरीच बिअर आहे. तुम्ही 'थोडं केळं' लिहिलंय, ते चालेल.

आता माझी फजिती. चाखायचं काम हाती आलं त्याच्या पहिल्याच महिन्यात आमच्याकडे एक ब्लॉन्ड तयार होत होती. टाकीतून काढलेला ग्लास हुंगला आणि वहीत लिहिलं : 'लोण्याचा मंद, छान वास.' ब्रूमास्टरनं, म्हणजे बिअर बनवणाऱ्या मुख्य माणसानं, वही वाचली आणि विचारलं, "लोणी कुणी टाकलं?" मला काही सुचेना. वास तर खरोखर ताज्या ताकावरच्या लोण्याचा होता, आईनं रवी फिरवल्यावर येतो तो. त्यांनी दुसरा घोट घ्यायला सांगितला, वासाकडे लक्ष न देता नुसती जीभ टाळ्याला घासून बघायला. जिभेवर तेलकट, बुळबुळीत थर. डायअ‍ॅसिटिल. विरजणाच्या लोण्याला सुगंध येतो तो याच द्रव्याचा. यीस्ट आंबवताना ते तयार करतं आणि शेवटी दोन-चार दिवस उबेत राहू दिलं तर स्वतःच परत खाऊन टाकतं. आम्ही घाई करून टाकी लवकर गार केली होती. मला छान वाटलं तो दोष होता, आणि त्याच आठवड्यात गिऱ्हाइकांनी "लवंग लागतीय, खराब आहे" म्हणून परत पाठवलेली बिअर उत्तम होती.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. वासाला आधी नाव द्यायचं, आपल्या स्वयंपाकघरातलं, बाजारातलं. आवडला की नाही ते बाजूला. मग विचारायचं, हा वास या बिअरच्या घरचा की पाहुणा? आपल्याकडच्या नाकाला तर हे फारच लागू आहे. लोणी आपल्याला आवडतं, बसस्टँडवरचं उकडलेलं कणीसही आवडतं. आणि कणसाचा वास हा ब्लॉन्डमधला दुसरा मोठा पाहुणा. फिकट माल्टमध्ये त्याचं बीज असतं. माल्टचा काढा उघड्या भांड्यात खळाखळा उकळला की वाफेबरोबर निघून जातं, झाकण ठेवून मंद उकळला की राहतं. गुऱ्हाळ बघितलं असेल त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. काहिलीखालचा जाळ मंद पडला की गुळव्या कसा ओरडतो ते आठवा.

गुळावरून रंगाचं सांगतो. अडतीत माझे काका गुळाच्या रव्याचा, म्हणजे ढेपेचा, कोपरा नखानं उकरतात, चिमूट जिभेवर ठेवतात आणि डोळे मिटून घेतात. रंगाकडे बघतात तेही संशयानं. पिवळाधमक गूळ दिसला की पहिला प्रश्न, "हायड्रॉस किती मारलंय?" (हायड्रॉस म्हणजे गुळाचा रंग उजळवायची पावडर.) बिअरच्या परीक्षणातही रंगरूपाला तेवढाच भाव. १९८५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या बीजेसीपी या परीक्षकांच्या संस्थेचा गुणांचा कागद जगभर वापरतात. ५० पैकी वास १२, दिसणं फक्त ३, चव २०, तोंडात जाणवणारं अंग ५ आणि एकंदर १०. सोनेरी रंग आणि जाळीदार फेस कितीही फोटोजेनिक असला तरी तीनच गुण. फोटो काढणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं.

चवीचे २० गुण सगळे घोटाच्या शेवटी ठरतात, निदान ब्लॉन्डमध्ये. सुरुवात गोडसर, पावाच्या आतल्या भागासारखी, मधासारखी. मधे जरा मिरी, जरा संत्रं. आणि शेवटी? कोरडं पडायला पाहिजे. तुम्हाला 'वास गोड पण चव गोड नाही' हे कोडं वाटलं ना, तीच या बिअरची खरी कसोटी आहे. गंमत म्हणजे हा कोरडेपणा येतो साखर घातल्यानं. ऊसपट्ट्यातल्या माणसाला हे पटायला जड जातं. बिअरमध्ये साखर घातली म्हणजे गोड होणार की, असं मलाही वाटायचं. पण माल्टच्या काढ्यात यीस्टला न पचणारे घटक उरतात, त्यानं बिअर जाड आणि गोडसर होते. साखर मात्र यीस्ट शेवटच्या कणापर्यंत खातं. त्यातला थोडा माल्ट काढून साखर घातली की अल्कोहोल तेवढंच, अंग हलकं. बेल्जियममध्ये ती बिटाची असते, आपल्याकडे उसाची घातली तरी यीस्टला फरक पडत नाही.

मागच्या उन्हाळ्यात काका आणि मी कामासाठी पणजीला गेलो होतो. जेवणाआधी मी लेफ मागवली आणि काकांपुढे ग्लास सरकवला. काका बिअरच्या वाटेला जात नाहीत, काजूच्या हंगामात घोटभर उर्राक (काजूची हलकी दारू) घेतली तर घेतली. त्यांनी हुंगलं, एक घोट तोंडात फिरवला, गुळासारखे डोळे मिटले आणि म्हणाले, "वास लई गोड मारतोय, पण साखर कुठाय रं? सगळी खाल्ली की ह्यानं." दोन वर्षं वही भरून मी जे शिकलो ते त्यांनी एका घोटात सांगितलं. त्या बाटलीला माझे गुण : वास ९, दिसणं ३, चव १५, अंग ४, एकंदर ७. बेरीज ३८. बीजेसीपीच्या कागदावर ३८ ते ४४ म्हणजे उत्कृष्ट, म्हणजे उंबरठ्यावर पास. मला लेफचा शेवट अजून थोडा कोरडा आवडला असता, म्हणून चवीत पाच कापले.

अल्कोहोलबद्दल एक. आपल्याकडच्या बारमध्ये बिअरची प्रतवारी किकवर होते, 'स्ट्राँग आहे का' हा पहिला प्रश्न. ब्लॉन्डमध्ये साडेसहा-सात टक्के असूनही ते लपायला हवं. छातीत हलकी ऊब आली तर ठीक. घसा जळला किंवा नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा वास आला तर गुण कापा.

आता तुमचा पुठ्ठा. हा ऑक्सिजनचा आणि उष्णतेचा दोष. बाटलीत राहिलेला थोडासा ऑक्सिजन महिनोन्‌महिने काम करत राहतो, आणि ऊब मिळाली की भराभर. बेल्जियममधून जहाज, बंदर, गोदाम, मग दुकानाची काचेची फळी. या प्रवासात मालाला गारवा मिळेलच असं नाही. आधी ताजं संत्रं जातं, मग मध काळपट, शिळा वाटू लागतो, मग वहीचं भिजलेलं पुठ्ठ्याचं कव्हर. मधाचा वास फसवतो इथे, ताज्या ब्लॉन्डमध्येही तो असतो. ताजा मध असताना संत्र्याची सालही असते. मध एकटाच उरला असेल तर बिअर म्हातारी झालीय. आणि उन्हात ठेवलेली हिरवी किंवा पांढरी बाटली असेल तर आणखी एक वास येतो. इंग्रजी पुस्तकं त्याला स्कंक नावाच्या प्राण्याची उपमा देतात, जो आपण जन्मात हुंगलेला नाही. माझ्या लेखी तो गॅस सिलिंडर गळल्याच्या वासाचा चुलतभाऊ आहे. तपकिरी बाटलीत हा धोका बराच कमी.

पुढच्या वेळी घरी चाखाल तर स्टीलचा पेला नको, उभा बिअर मगही नको. पोट मोठं आणि तोंड जरा आवळलेलं असा वाइनचा ग्लास चालतो. साबणाचा अंश राहिला तर फेस बसतो, म्हणून नुसत्या पाण्यानं दोनदा खळबळून उपडा ठेवा, फडक्यानं पुसू नका. बर्फासारखी गार ओतू नका, ६-८ अंशांवर ओता आणि हळूहळू कोमट होताना दर पाच मिनिटांनी हुंगा. दोष असतील तर ते दुसऱ्या-तिसऱ्या हुंगण्यात बाहेर येतात. सोबत मिरची भजी नको, शेंगदाण्याची चटणी नको, आपलं लाडकं भडंग तर मुळीच नको. बिनमिठाचे साधे चुरमुरे आणि पाणी. दीडशे मिली पुरतात, त्यापुढे तुम्ही चाखत नसता, पीत असता. तसं असेल तर गाडीची किल्ली आधी दुसऱ्याकडे द्या.

आणि बाटल्यांसाठी चोर्ला घाटातून गोव्याला चक्कर मारायचा विचार असेल तर तिथेच बसून प्या. परराज्यातली दारू विनापरवाना इकडे आणली तर नाक्यावर उत्तरं देताना लवंगेचा वास उपयोगी पडत नाही.

तुमच्या मित्राकडे ती रिकामी बाटली अजून असेल तर मागच्या लेबलवरची तारीख आणि बाटलीचा रंग इथे खाली लिहा. सहा महिन्यांच्या आतली निघाली तर मला पुठ्ठ्याचं कारण दुसरीकडे शोधावं लागेल, आणि पहिला संशय ग्लास कपाटात कशात गुंडाळून ठेवला होता यावर जाईल.