टीक्यूडीएम आणि आपला मुकादम

प्रश्न असा आहे: कमांड लाइनवर काम चालू असताना जे चिन्ह फिरत राहतं त्याला ‘प्रगतिपट्टी’ म्हणावं का? आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषेत प्रगतिपट्टी दाखवणाऱ्या टीक्यूडीएम (tqdm) या लायब्ररीच्या, म्हणजे तयार कोडसंचाच्या, नावाचा अर्थ काय?

फिरत्या चिन्हाला प्रगतिपट्टी अजिबात म्हणू नये. सर्रास म्हणतात आणि दर वेळी खटकतं. उभी, तिरपी, आडवी आणि उलटी तिरपी अशा चार रेघा एकाच जागी आळीपाळीने छापल्या, तर काहीतरी चालू आहे एवढंच समजतं. किती झालं, किती उरलं, याचा पत्ता लागत नाही. वर ते चिन्ह वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे मूळ कामाला समांतर चालणाऱ्या धाग्यावर, असेल तर मूळ काम अडकलं तरी ते गरगरतच राहतं. ते भिरभिरं आहे. निदान लूपच्या, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या कोडच्या, फेरीगणिक पुढे सरकवा, म्हणजे काम थांबलं की तेही थांबेल.

टीक्यूडीएमचं मूळ मात्र सुरेख आहे. अरबीत ‘तकद्दुम’ म्हणजे पुढे सरकणं, प्रगती. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, तीच रीत रोमनमध्ये ठेवली आणि चार व्यंजनं उरली. लायब्ररीचे कर्ते स्पॅनिशमधल्या ‘ते किएरो देमासियादो’चं, म्हणजे ‘तुझ्यावर फार प्रेम आहे’चं, लघुरूपही सांगतात. गोड आहे, पण पट्टीच्या कामाशी त्याचा काय संबंध? खरा ऐवज क-द-म या धातूत आहे. पाऊल या अर्थाचा ‘कदम’ त्यातलाच, पूर्वापार या अर्थाचा ‘कदीम’ही. (कदम आडनाव यात ओढू नका, ते कदंब राजघराण्याकडे जातं असं मानतात.) आणि आपला मुकादम! मुकद्दम म्हणजे पुढे केलेला, म्हणून टोळीचा म्होरक्या. ऊसतोडीचा मुकादम आणि ही पट्टी सख्खी भावंडं आहेत.

म्हणून ‘प्रगतिदर्शक’ सुचवणाऱ्यांशी माझं पटत नाही. दर्शक म्हटलं की आज प्रेक्षक आठवतो. ‘मुकादम’ म्हणा. किती झालं, किती उरलं, वेग काय, हे तोच सांगतो. फक्त एकूण काम किती ते त्याला आधी कळायला हवं. टीक्यूडीएमला जनरेटर, म्हणजे मागेल तसा एकेक घटक देणारा कोड, दिला तर लांबी कळत नाही, पट्टी भरत नाही, नुसती मोजणी आणि वेग दिसतो. तिथे ‘टोटल’, म्हणजे एकूण आकडा, हाताने द्यावा लागतो.

लायब्ररीशिवाय करायचं तर ओळीच्या आरंभी बॅकस्लॅश-आर (\r, कर्सर ओळीच्या सुरुवातीला नेणारी खूण) द्या, शेवटी नवी ओळ देऊ नका आणि लगेच फ्लश करा, म्हणजे साठलेला मजकूर पडद्यावर ढकला. फ्लश विसरलात तर मजकूर बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, अडकतो आणि शेवटी एकदम उमटतो. दुसरी खोड शेपटीची: ‘उरले १०’वर ‘उरले ९’ छापलं की पडद्यावर ‘उरले ९०’ दिसतं, कारण जुनं शून्य कोणी पुसलेलंच नसतं. आकड्याला ठरावीक रुंदी द्या. ओळ टर्मिनलच्या, म्हणजे कमांड लाइनच्या खिडकीच्या, रुंदीपेक्षा लांब झाली तर बॅकस्लॅश-आर फक्त दुमडलेल्या शेवटच्या ओळीच्या आरंभी जातो आणि पडद्यावर ओळींची चळत लागते. आणि हे सगळं स्टँडर्ड एररवर, म्हणजे नेहमीच्या आउटपुटहून वेगळ्या वाटेवर, छापा, म्हणजे आउटपुट फाइलमध्ये वळवलं तरी त्यात हा कचरा शिरणार नाही.