घरच्या सुतारकामाच्या वर्कशॉपसाठी डस्ट कलेक्टरचं पाइपिंग स्वस्तात कसं करता येईल?

डस्ट कलेक्टर (मशीनमधला भुसा हवेसोबत ओढून घेणारं यंत्र) घेतला, पण तयार डक्टचं, म्हणजे ती हवा नेणाऱ्या पाइपांचं किट परवडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मीही त्यातून गेलोय, म्हणून सविस्तर सांगतो.

पाईप आणण्याआधी मशीन हलवून बघा. पैसे सरळ पाईपला फारसे लागत नाहीत, ते एल्बो (वळणाचा जोड), वाय (Y आकाराचा फाटा) आणि गेटमध्ये (न वापरलेल्या मशीनची फांदी बंद करणारी सरकती झडप) जातात. सगळ्यात जास्त ढलप्या रंधा मशीन काढतं, ते कलेक्टरच्या अगदी जवळ हवं. मी रंधा आणि टेबल सॉ यांची अदलाबदल केली, तर तीन एल्बो वाचले. शिवाय वळण कमी झालं की ओढही वाढते.

पाईप म्हणाल तर सांडपाण्याचा पातळ पीव्हीसी घ्या. दाबाच्या पाण्याचा जाड पाईप नको, त्यात वजन आणि पैसा दोन्ही वाया जातं. एकच काळजी घ्या: ड्रेनेजचा ९० अंशांचा एल्बो फार आखूड वळतो, ढलप्या तिथेच अडतात. त्याऐवजी ४५ अंशांचे दोन एल्बो मध्ये थोडा सरळ तुकडा घालून जोडा. फाट्याला टी नको, वाय घ्या, आणि तिची तिरकी फांदी हवेच्या प्रवाहाच्या दिशेने झुकलेली असू द्या.

जोड सॉल्व्हेंटने चिकटवू नका. मी चिकटवले होते. पुढे एका वळणात भुसा घट्ट बसला आणि चांगला पाईप करवतीने कापावा लागला. आता मी प्रत्येक जोडाला दोन छोटे स्क्रू मारतो आणि वरून ॲल्युमिनियम टेप लावतो. स्क्रू खरोखर आखूड हवा. त्याचं टोक आत आलं की त्याला एक लांब ढलपी अडकते, तिच्यावर दुसरी, आणि दोन दिवसांत पक्ष्याच्या घरट्यासारखा गोळा तयार होतो.

व्यासाचा विचार नीट करा. लाकडाचा भुसा वाहून न्यायला हवेचा वेग मिनिटाला ४,००० फुटांच्या आसपास लागतो. त्या वेगाला ४ इंची पाईपमधून मिनिटाला साधारण ३५० घनफूट हवा जाते, ६ इंचीतून ७८५. कलेक्टर लहान असताना ६ इंची टाकला तर वेग पडतो, आणि उभ्या पाईपमध्ये ढलप्या वर चढतच नाहीत. लहान कलेक्टरला ४ इंच पुरे. लवचिक होज फक्त शेवटच्या दोन-तीन फुटांना वापरा, कारण आतल्या वळ्यांमुळे त्यात घर्षण गुळगुळीत पाईपच्या दुप्पट-तिप्पट होतं.

गेट घरीच होतात. प्लायवूडचे दोन तुकडे, मध्ये सरकणारी हार्डबोर्डची पट्टी, कडेला पातळ पट्ट्या. एका दुपारी मी चार केले. सरकपट्टी मेणाने घासा. एका वेळी एकच गेट उघडा.

पीव्हीसीवर स्थिर वीज साठते, कोरड्या हवेत हाताला चटका बसतो. बाहेरून उघडी तांब्याची तार गुंडाळून अर्थ केल्यावर माझ्याकडे चटके कमी झाले. मात्र धातू घासायचा ग्राइंडर या लाइनला कधीही जोडू नका. एक ठिणगी पिशवीतल्या भुशापर्यंत पोचली तरी आग लागेल. जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पत्र्याचा गोल डक्ट भंगारात मिळाला तर तोही उत्तम, पण पत्रा २६ गेजपेक्षा पातळ नको. मोठा कलेक्टर सुरू असताना सगळी गेट बंद राहिली तर पातळ पत्रा चेपतो.

जोडून झालं की कलेक्टर सुरू करून टिश्यू पेपरची पट्टी प्रत्येक जोडाशी धरा. ती आत ओढली गेली तर तिथे गळती आहे, पुन्हा टेप मारा.

पाईपमध्ये वाचलेले पैसे चांगल्या बारीक फिल्टरमध्ये घाला. डोळ्याला दिसणारी ढलपी निरुपद्रवी असते, फुफ्फुसात खोल जाते ती न दिसणारी, १० मायक्रॉनच्या आतली धूळ. लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून नोंदलेली आहे, म्हणून सँडिंग करताना मास्कही लावाच.