मरीन प्लायच्या होडीला पावसाळ्याआधी वॉर्निश मारू की ऑइलपेंट? आणि तळ घासला जातो त्याला काय करू?

भाऊ, वॉर्निश तर नकोच. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, त्या उन्हात वॉर्निशने एक उन्हाळा काढला तरी नशीब समजा. ऑइलपेंट दिसायला बरा. पण खरं दुखणं वरच्या रंगाचं नाहीचे, कडांचं आहे, आणि हेच मी आमच्या दाजींना सांगून सांगून थकलो.

दाजींचं फर्निचरचं दुकान, सगळा जन्म दरवाजे आणि किचन ट्रॉल्यांत गेला. हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला, चांगदेवच्या बाजूला, मासेमारीसाठी दोन होड्या बनवायच्या होत्या, एक मी बनवली आणि एक दाजींनी, प्लाय दोघांचा एकाच गाडीतून उतरलेला. मी कडांना एपॉक्सी, म्हणजे हार्डनर कालवून लावायचा रेझिन, पाजत बसलो होतो तर दाजी हसायला लागले, म्हणे कंपनीने वॉटरप्रूफ करूनच दिलाय, 710 चा शिक्का बघ ना. अहो पण आयएस 710 म्हणजे काय, तर मरीन प्लायचं भारतीय मानक, आतला फिनॉलिक ग्लू 72 तास उकळत्या पाण्यात ठेवला तरी थर सुटत नाहीत. ग्लू पक्का आहे, लाकूड शेवटी लाकूडच, ते पाणी पिणारच. आणि पितं कुठून तर करवतीने कापलेल्या कडेतून आणि प्रत्येक स्क्रूच्या भोकातून, वरच्या सपाट बाजूने त्या मानाने फार कमी.

आता आमच्या घरात दाजी म्हणजे जावई माणूस, त्यांना चुकलं म्हणायची सोय नाही, आईच डोळे वटारते. मग काय, त्यांनी कडा तशाच कोऱ्या ठेवल्या, बाहेरून बंपर रिपेअरवाले वापरतात तो पॉलिस्टर रेझिन आणि चॉप मॅट (काचतंतूंची चटई), आतून ऑइलपेंट, झालं. दोन पावसाळे गेले आणि इंजिन लावतो त्या मागच्या फळीपाशी मॅटची कड उचललेली दिसली. मी नुसती बोटाने ओढली तर भरताच्या वांग्याची साल निघावी तशी सगळी निघत आली, आख्खीच्या आख्खी. खाली प्लाय काळा, ओला, कुबट वास, आणि बोल्टच्या भोकात स्क्रू ड्रायव्हर टेकवला तो न दाबता आत गेला. पॉलिस्टर लाकडाला नीट धरतच नाही, त्यात आत शिरलेलं पाणी मॅटमुळे बाहेर पडू शकत नाही. दाजी अजूनही म्हणतात प्लायच खराब निघाला. त्याच गाडीतल्या प्लायची माझी होडी आजही पाण्यात आहे, ते बघायला मात्र येत नाहीत.

तर तुमचं. आधी होडी उलटी करून सावलीत खडखडीत वाळू द्या. मग पातळ एपॉक्सी, कडांना पीत जाईल तितका पाजा, आतबाहेर सगळीकडे तीन हात. काम दुपार उतरल्यावर करा, लाकूड थंड होत जातं तसं रेझिन आत ओढून घेतं, सकाळी कराल तर तापत्या लाकडातली हवा बाहेर येते आणि सगळीकडे बुडबुडे. उन्हाळ्यात हार्डनर स्लो घ्या आणि थोडं थोडंच कालवा, नाहीतर डब्यातच धूर निघतो. वाळल्यावर वर तेलकट थर येतो कधी कधी, तो साध्या पाण्याने आणि भांड्याच्या हिरव्या घासणीने धुवा, मग पॉलिश पेपर, मगच रंग. स्क्रूची भोकं मोठी पाडून एपॉक्सीने भरा आणि वाळल्यावर त्यातच नवीन पाडा. कंटाळवाणं काम आहे, पण सगळा खेळ तिथंच आहे.

तळाला खालून एचडीपीईच्या, म्हणजे टणक प्लास्टिकच्या, पट्ट्या लावा, काठावरच्या मुरुमावर ओढताना त्या घासतील, झिजल्या की बदलायच्या. आणि आत पावसाचं पाणी साचू देऊ नका, होडी बाहेरच्या पाण्यापेक्षा आतल्या साचलेल्या पाण्याने जास्त सडते. डांबर बिंबर फासू नका, काळ्या रंगाने प्लाय नुसता भाजून निघतो.

रंगाचं राहिलंच. एपॉक्सी उन्हात पिवळा पडून भुकटी होतो म्हणून वर टू-पॅक पीयू (दोन डबे कालवून मारायचा पॉलियुरेथेन रंग), फिकट शेड. पण होडी बारा महिने पाण्यातच राहणार असेल तर पाण्याखालच्या भागाला तो बऱ्याचदा फोड धरतो, दुकानदाराला विचारून पाण्याखाली चालणारा घ्या. हो आणि आधीच ऑइलपेंट मारून बसला असाल तर तो सगळा खरवडावा लागेल, त्यावर एपॉक्सी धरणार नाही. हातमोजे घाला, अंगाला खाज सुटते. पातळ मरीन एपॉक्सी जळगावात नाही मिळाला तर सुरतेहून मागवा, पण बंपरवाल्याकडचा डबा उचलू नका, कोणी कितीही मोठा पाहुणा सांगो.