ऑटोक्रॉसमध्ये (शंकू मांडलेल्या वळणावळणाच्या मार्गावर घड्याळ लावून एकेकट्याने गाडी पळवायची स्पर्धा) वळणावर गाडीचं नाक बाहेर पळतं. आधी स्प्रिंगा बदलू का?
नाही, आधी हवा बघा. नागपुरात मे महिन्यात सकाळी 28 अंशाला भरलेली हवा दुपारी 45 अंशाला नुसत्या उन्हानेच अडीच-तीन पीएसआय चढते. म्हणून फेरीवरून आल्या आल्या, टायर गरम असतानाच मोजा. पुढच्या फेरीआधी टायरच्या खांद्यावरून (नक्षीच्या कडेवरून) साइडवॉलपर्यंत (टायरच्या उभ्या बाजूपर्यंत) खडूची रेघ ओढा आणि फेरीनंतर बघा: खडू साइडवॉलवरही पुसला गेला तर हवा कमी, खांद्यावर तसाच राहिला तर जास्त. या फुकटातल्या खडूवरच निम्मं काम होतं.

मग पुढचा कॅम्बर (चाकाचा झुकाव; उणे म्हणजे वरचं टोक आत) उणे 2 अंशांच्या आसपास, टो-आउट (पुढच्या चाकांची तोंडं किंचित बाहेर वळलेली) एकूण 1-2 मिमी ठेवा. तरीही नाक पळालं तरच मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारा दांडा) एक पायरी कडक करा. जास्त कडक केलात तर भर वळणात ॲक्सिलरेटर सोडताच शेपूट फिरेल.