हिमोफिलियाच्या संशोधनात रुग्णाने स्वतः भरलेल्या प्रश्नावलीचा खरंच उपयोग होतो का?

तुमच्या धाकट्या भावाला गंभीर हिमोफिलिया ए, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात विकार आहे, उपचार केंद्रात त्याला दुखणं, झोप, काम, मनःस्थिती यांबद्दलची लांबलचक प्रश्नावली संशोधनासाठी दिली आहे, आणि रक्ताचे रिपोर्ट असताना याची गरज काय, असं तुम्ही विचारलंय. मलाही हिमोफिलिया ए आहे, रक्त गोठवणारं फॅक्टर ८ हे प्रथिन सामान्य पातळीच्या एक टक्क्याच्या आत. अशा प्रश्नावल्या मी बऱ्याच भरल्या आहेत. माझं म्हणणं, त्याला भरू द्या, आणि घाईत नको.

रिपोर्ट फॅक्टरची पातळी सांगतो. १ टक्क्याहून कमी म्हणजे गंभीर, १ ते ५ मध्यम, त्यावर ४० पर्यंत सौम्य. औषधांच्या चाचण्यांत वर्षानुवर्षं पाहिलं गेलं ते मुख्यतः वर्षाला किती वेळा रक्तस्राव झाला. तो आकडा हवाच. पण सांध्यात वारंवार रक्त गेलं की आतलं अस्तर सुजतं, कूर्चा झिजते, आणि नंतर रक्तस्राव थांबले तरी झालेली झीज भरून येत नाही. माझा उजवा घोटा तसा आहे. सकाळी पलंगाच्या कडेला बसून आधी तो हळूहळू फिरवून बघतो, पहिली काही पावलं भिंत धरून टाकतो, जिना उतरताना उजवाच पाय आधी खाली ठेवतो. आणि अशा महिन्यातही माझ्या नोंदवहीत रक्तस्राव शून्य! दुखतंय ते नवीन रक्तस्रावामुळे की झिजलेल्या सांध्यामुळे, हे मलाही पुष्कळदा लगेच कळत नाही, आणि फॅक्टरचं इंजेक्शन घ्यायचं की नाही हे तर त्यावरच ठरतं. हे सगळं सांगणार कोण? ज्याचा घोटा आहे तोच.

मात्र सगळ्या प्रश्नावल्या सारख्या कामाच्या नसतात. ईक्यू-५डी नावाची एक सगळीकडे वापरतात. चालणं-फिरणं, स्वतःची कामं, रोजचे व्यवहार, दुखणं आणि चिंता-नैराश्य असे तिचे पाच भाग, आणि प्रश्न फक्त ‘आज’ कसं आहे एवढाच. आमचं दुखणं येऊन-जाऊन असतं. बऱ्या दिवशी भरली तर माणूस ठणठणीत दिसतो. हिमोफिलियासाठीच बनवलेली एचएएल (हिमोफिलिया ॲक्टिव्हिटीज लिस्ट) ही प्रश्नावली गेल्या महिन्याबद्दल विचारते आणि उकिडवं बसणं, हात नसलेल्या खुर्चीतून उठणं अशा कामांवर बोट ठेवते. मला ती जास्त खरी वाटते.

दुसरी अडचण आमच्याच बाजूची. लहानपणापासून कोपर पूर्ण सरळ होत नसेल तर त्याला कोणी ‘त्रास’ म्हणत नाही. तेच आमचं नॉर्मल. विचारलं की तोंडातून ‘ठीक आहे’ निघतं. म्हणूनच मला ‘प्रोब’ हा आंतरराष्ट्रीय अभ्यास मोलाचा वाटतो. तो रुग्णांच्याच पुढाकाराने उभा राहिला. जागतिक हिमोफिलिया महासंघाचे माजी अध्यक्ष मार्क स्किनर, जे स्वतः हिमोफिलियाग्रस्त आहेत, त्यात आघाडीवर आहेत. त्यात रक्तस्रावाचा विकार नसलेल्या लोकांनाही तेच प्रश्न विचारतात, म्हणजे आमचं ‘ठीक’ इतरांच्या ‘ठीक’पासून किती लांब आहे ते समोर येतं. महासंघाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही रुग्णाने स्वतः सांगितलेल्या परिणामांना स्थान आहे. नवं महागडं औषध कोणाला, किती आणि का द्यायचं हे ठरवताना अशी माहिती हाताशी नसली, तर रक्तस्रावांचा आकडाच सगळं ठरवतो.

तेव्हा भावाला एकट्याला भरू द्या. आईवडील किंवा तुम्ही शेजारी बसलात की तो दुखणं कमी करून सांगेल, आम्ही सगळेच तसं करतो. रक्तस्राव किंवा दुखणं झालं की त्याच दिवशी नोंदवायची सवय लावा, दोन महिन्यांनी आठवून लिहिलेलं भरवशाचं नसतं. संमतीपत्रावर सही करण्याआधी त्याचं नाव माहितीपासून वेगळं ठेवणार का, मध्येच थांबता येईल का आणि निष्कर्ष रुग्णांना कळवणार का, हे विचारा. त्याने भाग घ्यायला नकार दिला तरी त्याच्या उपचारांत फरक पडता कामा नये, तो त्याचा हक्क आहे. आणि मनःस्थितीच्या प्रश्नांनी आतलं काही वर आलं, तर प्रश्नावली तिथेच ठेवून केंद्रातल्या डॉक्टरांशी किंवा नर्सशी त्याच दिवशी बोला. ते कागद कधी वाचले जातील याची वाट बघू नका.